मोहेरचे कडे: एकदा धुक्यात, एकदा मुक्कामाने

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर काउंटीत, अटलांटिक महासागराला छाती भिडवून उभे असलेले मोहेरचे कडे पाहायला मी आतापर्यंत दोनदा गेले, आणि त्यांपैकी पहिल्या खेपेस धुक्यापलीकडे मला काहीही दिसले नाही. दुसऱ्या खेपेस रत्नागिरीहून आलेल्या आई-बाबांना घेऊन, जवळच्या डूलिन गावात मुक्काम करून गेले, तेव्हा मात्र ही जागा इतकी वेगळी भासली की पहिल्या भेटीनंतर मित्रमंडळींना दिलेला 'नाही पाहिलेत तरी चालेल' हा सल्ला मला परत घ्यावा लागला. हे परीक्षण मुख्यतः त्या सल्ल्याची दुरुस्ती म्हणून लिहिते आहे. जागेला मी पाचपैकी साडेचार तारे देईन. डब्लिनहून एका दिवसात जाऊन येण्याच्या प्रकाराला मात्र दोनच.

डब्लिन ते मोहेर हे अंतर साधारण २७० किलोमीटर आहे. सकाळी लवकर निघून रात्री परतणाऱ्या सहलीच्या बसगाड्या रोज असतात, आणि नव्याने नोकरीसाठी आलेला बहुतेक प्रत्येक भारतीय पहिल्या वर्षात कधीतरी त्यांतल्या एकीत बसतो. मीही बसले. ऑक्टोबरचा महिना होता. जाताना एका वाड्याच्या अवशेषांपाशी, एका पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानापाशी आणि जेवणासाठी आधीच ठरलेल्या हॉटेलापाशी थांबत थांबत आम्ही दुपारी कड्यांवर पोहोचलो, आणि 'दीड तासाने बस सुटेल, उशीर करणाऱ्यांसाठी थांबणार नाही' असे सांगून चालकाने आम्हाला खाली उतरवले. समोर पांढरी भिंत होती. खालून समुद्राची गाज ऐकू येत होती, पक्ष्यांचा कलकलाट नव्हता (तो हंगाम उलटून गेलेला असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते) आणि दगडी कठड्याला टेकून शंभरेक माणसे त्या पांढऱ्या भिंतीचे फोटो काढत होती. धुक्याचा दोष कुणालाच देता येणार नाही. परंतु ज्या ठिकाणचे हवामान तासातासाला बदलते, तिथे दीड तासाचा वेळ देणे म्हणजे सोडतीचे तिकीट काढण्यासारखे आहे, आणि त्या सहल कंपनीने हे तिकीट विकताना तसे सांगितले असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या खेपेची आखणी म्हणूनच उलट्या बाजूने केली. महिना मे अखेरचा निवडला, कारण तेव्हा पक्षी कड्यांवर असतात आणि दिवस रात्री पावणेदहापर्यंत रेंगाळतो. भारतातून येणाऱ्या मंडळींसाठी एक गोष्ट इथेच नमूद करते: आयर्लंड शेंगेन क्षेत्रात नाही, त्यामुळे युरोपच्या सहलीसाठी काढलेल्या शेंगेन व्हिसावर इथे येता येत नाही. आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, किंवा ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या संयुक्त योजनेत बसणारा व्हिसा असावा लागतो. 'पॅरिसहून जरा आयर्लंडला डोकावून येऊ' असे ठरवणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाला हे विमानतळावर कळले होते. कड्यांचे तिकीट संकेतस्थळावर आधी काढले तर स्वस्त पडते आणि गर्दीच्या वेळा टाळल्या तर आणखी कमी होते. मोठ्या माणसाला वेळेनुसार साधारण ८ ते १५ युरोंच्या दरम्यान पैसे पडतात आणि वाहनतळाचे शुल्क त्यातच धरलेले असते. पैसे गाडीमागे नव्हे तर माणशी घेतले जातात, हे लक्षात ठेवलेले बरे. स्वतःची गाडी नसेल तर गॉलवेहून डूलिनमार्गे जाणारी ३५० क्रमांकाची सार्वजनिक बस आहे, आणि मुक्काम करणाऱ्याला तेवढी पुरते.

आईने नाव ऐकल्यापासून या जागेचे 'माहेरचे कडे' करून टाकले होते, आणि मी दुरुस्त करण्याचा नाद पहिल्याच दिवशी सोडला. मूळ आयरिश शब्दाचा अर्थ पडका किल्ला असा आहे. कड्यांच्या दक्षिण टोकाला, ज्याला हॅग्ज हेड म्हणजे 'म्हातारीचे डोके' म्हणतात, तिथे एक प्राचीन किल्ला होता. नेपोलियनच्या काळात फ्रेंच आरमारावर नजर ठेवण्यासाठी टेहळणीचा बुरूज बांधायचा ठरला, तेव्हा १८०८ मध्ये त्या किल्ल्याचे दगड काढून बुरुजाला लावण्यात आले. किल्ला गेला, त्याचे नाव कड्यांना चिकटून राहिले. नावाची ही कथा ऐकल्यावर बाबांनी 'म्हणजे आपल्याकडच्यासारखेच' एवढाच शेरा मारला.

लिस्कॅनर गावाकडून कड्यांकडे जाताना वाटेत संत ब्रिजिडची विहीर लागते, आणि ती सहलीच्या बसगाड्यांच्या यादीत बहुधा नसते. विहीर म्हटल्यावर डोळ्यांसमोर रहाट येईल तर तसे काही नाही. एक बुटका, ओलसर दगडी बोळ आहे आणि त्याच्या शेवटी डोंगरातून पाझरणाऱ्या पाण्याची धार आहे. त्या बोळाच्या दोन्ही भिंतींवर लोकांनी आणून ठेवलेल्या वस्तूंची दाटी झालेली दिसते: जपमाळा, मेणबत्त्या, छोट्या मूर्ती, आणि पाण्याच्या थेंबांनी कडा फुगलेली आजारी व गेलेल्या माणसांची छायाचित्रे. आई चपला काढायला वाकली होती, तिला थांबवावे लागले, कारण खाली चिखल होता. पाण्याला हात लावून तिने तो डोळ्यांना लावला. नवस म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

कड्यांवरचे अभ्यागत केंद्र हा या जागेच्या व्यवस्थेतला मला सर्वांत पटलेला भाग आहे. २००७ मध्ये उघडलेली ही इमारत टेकडीच्या पोटात खोदून बसवली आहे आणि तिच्या छपरावर गवत आहे, त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला काही काचा आणि दगडी कमानी सोडल्या तर बांधकाम जाणवत नाही. वर्षाला पंधरा लाखांच्या आसपास माणसे येणाऱ्या ठिकाणी उपाहारगृह, दुकान, प्रदर्शन आणि स्वच्छतागृहे नजरेआड ठेवता येतात, ही गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक 'पॉइंट'वर मक्याच्या कणसांच्या आणि फुग्यांच्या गाड्यांतून वाट काढणाऱ्याला विशेष वाटल्याखेरीज राहणार नाही. आतले प्रदर्शन मुले बरोबर असतील तर पाहावे. मोठ्यांनी पाऊस आला तर पाहावे.

केंद्रातून बाहेर पडून मुख्य सज्जाकडे जाणारी वाट फरसबंदी आणि सौम्य चढाची आहे. बाबांच्या गुडघ्यांचे ऑपरेशन झालेले असल्याने मला तिचीच धास्ती होती, परंतु ते काठी टेकत, न थांबता वर आले. पुढे ओब्रायन नावाच्या जुन्या मनोऱ्याकडे जाण्यासाठी पायऱ्या आहेत आणि तिथे मात्र त्यांना दोनदा बसावे लागले. वाटेच्या समुद्राकडच्या बाजूला छातीएवढ्या उंचीच्या शिळा उभ्या करून कठडा केला आहे, आणि या शिळांपाशी आमचा अर्धा तास गेला. हा लिस्कॅनरचा दगड. याच्या लाद्या एकोणिसाव्या शतकात इथून जहाजांत भरून इंग्लंडला जात आणि तिकडच्या रस्त्यांवर बसवल्या जात. लादीच्या पाठीवर बोटाएवढ्या जाडीच्या वळ्या उठलेल्या आहेत. त्या नागमोडी जातात, स्वतःलाच ओलांडतात, एकीवर दुसरी चढते, आणि मध्येच थांबतात. आईने त्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अगं, ही कुरडई घातली आहे कुणीतरी." उपमा इतकी चपखल होती की आता मला त्या दगडात दुसरे काही दिसतच नाही. साच्यातून चीक गोल गोल पडावा आणि उन्हात तसाच वाळावा, तशा त्या वळ्या आहेत. प्रत्यक्षात त्या ३२ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाच्या चिखलातून अन्न शोधत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वाटा आहेत. प्राणी मऊ शरीराचे होते, त्यांचे स्वतःचे काहीच उरले नाही. ते कुठून कुठे गेले, एवढे मात्र उरले.

त्या वेळी हा भूभाग विषुववृत्ताजवळ होता आणि इथे एक मोठी नदी समुद्राला मिळत असे. तिने आणून टाकलेल्या गाळाचे आणि वाळूचे थर एकावर एक साचून दगड झाले. कड्याकडे पाहताना आडव्या रेघा दिसतात त्या याच. सर्वांत जुना थर तळाशी. काळा दगड म्हणजे आपल्याला सह्याद्रीचा बेसॉल्ट आठवतो, पण तो लाव्हाचा आणि वयाने साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. मोहेरचे थर त्याच्या जवळजवळ पाचपट जुने आहेत. मऊ थर लाटांनी पोखरले जातात, वरचे कठीण थर पुढे आलेल्या सज्जासारखे अधांतरी राहतात आणि एके दिवशी कोसळतात. कड्याच्या भिंती इतक्या सरळसोट राहण्याचे कारण हेच आहे, आणि कठड्यापलीकडच्या गवतावर पाऊल न टाकण्याचेही हेच.

आता प्रत्यक्ष कड्यांविषयी. सुमारे १४ किलोमीटर लांबीची ही ओळ दक्षिणेला १२० मीटर उंचीवर सुरू होते आणि ओब्रायन मनोऱ्याच्या थोडे उत्तरेला २१४ मीटरपर्यंत चढते. बाबांनी तिथेच हिशेब केला की कुतुबमिनार एकावर एक तीन ठेवले तर जवळजवळ एवढी उंची भरेल. आयर्लंडमधले सर्वांत उंच कडे मात्र हे नव्हेत. डोनेगलमधला स्लीव्ह लीग ६०१ मीटरचा आहे. परंतु तिथे डोंगर उतरत उतरत समुद्रात जातो. इथे चालता चालता एकाएकी जमीन संपते. मनोऱ्याकडून दक्षिणेला पाहिले की एकामागे एक अशी कड्यांची पाच-सहा टोके समुद्रात नाक खुपसून उभी दिसतात, प्रत्येक मागचे टोक पुढच्यापेक्षा फिकट, आणि त्यांच्या पायथ्याशी लाट फुटलेली दिसल्यानंतर तिचा आवाज वर पोहोचायला लागणारा क्षण कानांना स्पष्ट कळतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली पाहिलेल्या माणसाला पोटात जो गोळा येतो, तोच इथे कठड्याआड सुरक्षित उभे राहूनही येतो. वाराही तसाच खालून वर येतो. जोराच्या वादळात कड्यावरून पडणारे पाणी उलटे वर उडते, आणि पावसाळ्यात नाणेघाटात गेलेल्यांना त्याचे नवल वाटणार नाही. छत्री आणू नये. आमच्यासमोर एका गृहस्थांची छत्री उलटी होऊन कमळ झाली आणि मग तिच्या काड्याच तेवढ्या उरल्या. टोपीला दोरी असावी, अंगात वारा अडवणारे जॅकेट असावे.

ओब्रायन मनोरा १८३५ मध्ये कॉर्नेलियस ओब्रायन या स्थानिक जमीनदाराने बांधला, आणि तोही येणाऱ्या प्रवाशांना कड्यांचे दृश्य नीट दिसावे म्हणून. या माणसाने परिसरात इतकी बांधकामे केली की 'कडे सोडले तर इथले सगळे त्यानेच बांधले' असे लोक म्हणत. मनोरा स्वतः फार देखणा नाही. पण पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी पर्यटकांचा विचार करून एखादी वास्तू उभी केली आणि ती अजून त्याच कामाला येते आहे, याचे कौतुक वाटते. हवा स्वच्छ असेल तर इथून ॲरनची तिन्ही बेटे, गॉलवेचे आखात आणि त्यापलीकडचे कॉनेमाराचे डोंगर दिसतात. आम्हाला बेटे दिसली. डोंगरांच्या जागी एक निळसर रेघ होती, ती डोंगरांची आहे असे मानून घेतले.

दक्षिणेकडच्या सज्जावरून समोर गवताने हिरवी झालेली एक छोटी उतरण दिसते, तिला गोट आयलंड म्हणतात. पफिन हे पक्षी तिथे बिळे करून राहतात. एप्रिलच्या सुमारास ते येतात आणि जुलैच्या मध्यानंतर पुन्हा समुद्रावर निघून जातात, म्हणजे ऑक्टोबरात मी गेले तेव्हा एकही नव्हता. दुर्बीण अवश्य न्यावी, कारण नुसत्या डोळ्यांना पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांपलीकडे काही कळत नाही. दुर्बिणीतून एक पफिन आम्हाला बिळाच्या तोंडाशी उभा दिसला: काळा कोट, पांढरे पोट, शेंदरी-पिवळी जाड चोच, आणि लग्नात उगाचच मिरवणाऱ्या मामासारखा रुबाब. उडाला तेव्हा तो रुबाब पार गेला. छोटे पंख इतके भरभर मारत होता की आपण पडणार याची त्यालाच खात्री असावी. कड्याच्या भिंतीवर मात्र राज्य गिलेमॉट, रेझरबिल आणि किटिवेक यांचे आहे. वीतभर रुंदीच्या फळीसारख्या थरांवर ते हजारोंनी दाटीवाटीने बसतात, विरार लोकलच्या दारातल्यासारखे, आणि तेवढेच भांडतातही.

वरून पाहून परत जाणाऱ्यांनी कडे निम्मेच पाहिलेले असतात, असे माझे मत झाले आहे. डूलिनच्या धक्क्यावरून कड्यांच्या पायथ्यापर्यंत नेणाऱ्या बोटी उन्हाळी हंगामात सुटतात. फेरी साधारण तासाभराची असते आणि समुद्र खवळला तर ती रद्द होते, म्हणून पहिल्या दिवशीचेच आरक्षण करावे, म्हणजे दुसरा दिवस हाताशी राहतो. वरून ज्याची उंची केवळ आकड्यात कळली होती, ती खालून मानेला कळते. ब्रानॉनमोर नावाचा ६७ मीटरचा सुळका मूळ कड्यापासून तुटून समुद्रात एकटा उभा आहे. वरून तो तुटलेल्या दातासारखा वाटतो, खालून त्याचे शेंडे पाहायला टोपी धरावी लागते. पक्ष्यांच्या विष्ठेचा उग्र, सुक्या मासळीच्या बाजारासारखा वास मात्र कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेला नसतो. आम्हा कोकणातल्या माणसांना त्याचे काही वाटले नाही. अटलांटिकच्या लांबलचक उसळ्यांचे मात्र आईला वाटले. रत्नागिरीहून आणलेली आलेपाकाची वडी तिने तोंडात धरून ठेवली आणि परतीचा सगळा वेळ डोळे मिटून घेतले. ज्यांना बोट लागते त्यांनी आधीच औषध घ्यावे.

सुरक्षिततेबद्दल थोडे कठोर लिहिते. डूलिनहून कड्यांच्या कडेकडेने अभ्यागत केंद्रापर्यंत येणारी सुमारे आठ किलोमीटरची पायवाट फार सुंदर म्हणून प्रसिद्ध होती. अपघाती मृत्यू आणि ढासळती कडा यांमुळे २०२४ पासून तिचा मोठा भाग बंद ठेवण्यात आला. जुन्या लेखांत आणि चित्रफितींत ती वाट उघडीच दिसते, त्यामुळे निघण्यापूर्वी ताजी स्थिती पाहावी. अडसर ओलांडून पलीकडे जाणारी चार-दोन माणसे आम्हालाही दिसली, आणि त्यांतली दोघे हिंदीत बोलत होती. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर भरतीच्या वेळी उतरू नका असे पुजारी, दुकानदार आणि फलक सगळे सांगत असताना फोटोसाठी खाली जाणारी माणसे मी लहानपणापासून पाहत आले आहे. तिथे लाट उचलून नेते, इथे पायाखालचा थर जातो.

खाण्याबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. डूलिन हे पारंपरिक आयरिश संगीतासाठी नावाजलेले गाव आहे आणि संध्याकाळी तिथल्या पबमध्ये फिडल, बासरी वाजत असते. मासे खाणाऱ्यांची चंगळ होते, बाबांनी घट्ट मलईदार माशांचे सूप दोनदा मागवले. शाकाहारी माणसाला भाज्यांचे सूप आणि गव्हाचा तपकिरी पाव सगळीकडे मिळतो, आणि तो पाव लोण्याबरोबर उत्तम लागतो. आईने तरीही कड्यावरच्या बाकावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. वाऱ्याने चटणीतली निम्मी क्लेअर काउंटीला वाटली गेली.

बोटीनंतर विश्रांती घेऊन संध्याकाळी सातनंतर आम्ही पुन्हा वर गेलो, आणि या भेटीत कुठला एक तास राखून ठेवावा असे कुणी विचारले तर मी हाच सांगेन. कड्यांची तोंडे पश्चिमेला असल्यामुळे सकाळी ती सावलीत असतात, आणि दिवसाच्या सहलींना जी काळी भिंत दिसते ती त्यामुळेही. संध्याकाळचे ऊन थेट अंगावर आले की एकेक थर सुटा होतो. तळाशी काळा, वर राखाडी, मध्ये गंजाच्या रंगाचे पट्टे, आणि त्यांवर पक्ष्यांनी केलेला चुना. बसगाड्या तोवर गेलेल्या असतात. कठड्यापाशी फार तर तीसेक माणसे असतील. बाबा घड्याळ पाहत होते, ऊन पाहत होते, आणि साडेनऊ वाजताही सूर्य बुडत नाही याचा त्यांना कड्यांपेक्षा जास्त अचंबा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना गाडी कड्यांच्या रस्त्याने घेतली. रात्रीतून धुके उतरले होते. पन्नास पावलांपलीकडचे दिसत नव्हते. वाहनतळात डब्लिनच्या बसगाड्या एकामागे एक लागत होत्या आणि रेनकोट घातलेली माणसे रांगेने त्या पांढऱ्या भिंतीकडे निघाली होती. बाबांनी काच खाली करून थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "यांना पैसे परत मिळतात का गं?"

मला मिळाले नव्हते, एवढेच मी त्यांना सांगू शकले.